एकशे वीस पाकिटं

२ एप्रिल १९८७, संध्याकाळी साडेसहा

लॉटरी लागली. एक लाख.

नंबर चार वेळा ताडून पाहिला. गेल्या महिन्यात बोरिवलीचं लग्न आटोपून परतताना स्टेशनवर केळेवाल्याकडे सुटा रुपया नव्हता, म्हणून त्याने तिकीट पुढे केलं. मी दूरदृष्टीने ते घेतलं. (केळी अहल्येला हवी होती, पैसे तिनेच दिले, 'राहू दे, घ्या ते तिकीट' असंही तीच म्हणाली. पण तिकीट महिनाभर माझ्या खिशात होतं.)

निश्चय: कोणालाही सांगायचं नाही.

सात वाजता

खालचा स्टेशनरीवाला कनुभाई पेढे मागून गेला. रावपुऱ्यात कोणाच्याही पोटात काही राहत नाही. मी फक्त पानवाल्याला सांगितलं होतं.

११ मे

पैसे हातात आले. एजंटाने दहा टक्के घेतले, उरलेल्यातले चाळीस टक्के सरकारने. चोपन्न हजार उरले. लोक म्हणतील, एवढ्याशा पैशात काय होतंय? लोकांना नियोजन म्हणजे काय ते माहीत नाही. एवढ्यात माणसाचं अख्खं आयुष्य निघतं. फक्त ते किती लांब आहे, ते आधी समजायला हवं. हा साधा विचार आजवर कोणाला सुचला नाही याचं नवल वाटतं.

१४ मे

नागरवाड्यात भास्कररावांकडे गेलो. रिटायर्ड संस्कृत मास्तर, पण पत्रिकेत बडोद्यात त्यांचा हात धरणारा नाही. आजोबांच्या ट्रंकेतली लाल बासनातली माझी पत्रिका नेली होती. आजोबा संस्थानच्या काळात खानगी खात्यात होते. त्यांच्यानंतर वर्षभराने मी जन्मलो, म्हणून नाव त्यांचंच. आमच्यात एकाआड एक पिढी पद्माकर नारायण, मधली नारायण पद्माकर. नवीन नावं शोधत बसायला आम्ही रिकामटेकडे नव्हतो.

कसरीने पत्रिकेचा शक खाल्ला आहे, पण 'पद्माकर नारायण' आणि 'बहुधान्य नाम संवत्सरे' स्वच्छ आहे. माझा जन्म बहुधान्यातलाच. भास्कररावांनी पत्रिका पाहिली आणि पुन्हा बासनात गुंडाळली. मग म्हणाले, पद्माकरराव, सांगू नये, पण एकोणसाठ पुरी. साठावं लागत नाही.

मला फार बरं वाटलं. म्हणजे दहा वर्षं. चोपन्न हजार भागिले एकशे वीस महिने, साडेचारशे. बाकी शून्य! त्यांनी दक्षिणा घेतली नाही. डोळे पुसत होते. त्यांना गणित आवडत नसावं.

अहल्येला सांगितलं नाही. बायका अशा विषयात हळव्या होतात.

१६ मे

कनुभाईकडून एकशे वीस पाकिटं घेतली. त्याने विचारलं, शुं वात छे, मृदुलाबेनचं नक्की झालं? कंकोत्री? प्रत्येक पाकिटाचा संबंध लग्नाशी लावायचा. मी त्याला योजना सांगितली (मुदतीचं कारण सोडून). तो म्हणाला, पद्माकरभाई, बँकमां मूको. दहा टका. महिने साडेचारशे व्याज येईल आणि मुद्दल एमनुं एम, जसंच्या तसं.

ऐकून हसू आलं. हा माणूस मला माझेच साडेचारशे दाखवतो आणि वर चोपन्न हजार अडकवून ठेवायला सांगतो. दहा वर्षांनी मुद्दल घेऊन मी करणार काय? शिवाय आमच्या घराण्यात व्याज कोणी खाल्लं नाही. दुकानदाराच्या गादीवर बसून खानगी खात्याची बुद्धी यायची नाही. पाकिटांवर त्याने दोन रुपये कमी केले, ते मात्र घेतले.

दुपारभर बसून पाकिटांवर सुवाच्य अक्षरात महिने घातले. जून १९८७ ते मे १९९७. शेवटच्यावर महिन्याखाली बारीक लिहिलं: 'तेराव्यासह'. शेवटच्या महिन्यात भूक नसतेच. श्रीखंडाचं जेवण साडेचारशेत बसेल, माणसं मोजकी बोलवावीत.

मृदुला कॉलेजातून आली. तिने विचारलं, बाबा, सत्त्याण्णवनंतर काय? म्हटलं, नंतरचं नंतर. तिच्या लग्नाचाही विचार केला. मुलगी हुशार आहे, काहीतरी करील.

१ जून, सोमवार

नोकरीचा राजीनामा दिला. एकोणीस वर्षं पाच महिने आवक-जावक रजिस्टर लिहिलं. एकदाही नीट रजा घेतली नाही, कारण माझ्यामागे ते गाढव रजिस्टरची वाट लावतील ही खात्री होती. आता लावा.

सुपरिंटेंडेंट जयवंतरावांनी राजीनामा दोनदा वाचला. म्हणाले, पद्माकरराव, आणखी सात महिने काढा. वीस वर्षं भरली की पेन्शन बसेल. मी त्यांना म्हटलं, पेन्शन म्हाताऱ्यांना लागते, मी म्हातारा होणार नाही. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. माझ्या करारीपणाने भारावले असावेत.

घरी आल्यावर अहल्येला सांगितलं. ती भांडली नाही. पदर खोचून कुठेतरी बाहेर पडली, दोन तासांनी आली. शाळेचे कागद आहेत, सही करा, म्हणाली. ती मराठी शाळेत शिकवते. घरातल्या कर्त्या माणसाची सही कुठेही लागते. न वाचता तीन ठिकाणी केली. मोठे लोक वाचत नाहीत.

८ जून

अहल्येने सोमवार धरले. एक वेळ जेवते. न सांगता तिला बचतीची गोडी लागली, हे माझ्या उदाहरणाचं फळ.

१९ जून

जूनचं पाकीट संपलं. हिशेबात चूक नाही, महिना लांब आहे. मे १९९७मधून उसने घेऊ पाहत होतो, पण ते तेराव्याचं, म्हणून एप्रिल १९९७ फोडलं. पुढच्या महिन्यात परत टाकायचे. घर एकंदरीत माझ्या साडेचारशेवर छान चाललं आहे. अहल्येचा पगार किरकोळ गोष्टींना जातो: भाडं, किराणा, दूध, लाइट, मृदुलाची फी.

२ जुलै

अहल्या एक तारखेला भिशीला जाते. काल आली ती चेहरा निवांत करून. बायकांनी एकमेकींचे पैसे एकमेकींना देऊन काय साधतं, देव जाणे.

पाऊस नाही. डाळ महागणार असं मार्केटात बोलतात. त्यावरून विचार सुचला, आणि तो इतका साधा आहे की लाज वाटली. माझ्या आयुष्याला लागणाऱ्या वस्तूंची संख्या ठरलेली आहे. मग आजच्या भावात सगळ्या आत्ताच का घेऊ नयेत? महागाई दारात उभी राहील, मी आत पाय पसरून बसेन.

यादी: अंगाचा साबण ३६०. ब्लेड ५२०. दंतमंजन १२० डबे. चहा, तूरडाळ, अगरबत्ती. छत्र्या ३. (चार म्हणत होतो. चौथी वाया जाईल.)

११ जुलै

१९९६ आणि १९९५ची सगळी पाकिटं फोडली. उसने नव्हे, गुंतवणूक. त्या वर्षांत मला काही विकत घ्यायचंच नाही, मग पैसे कशाला?

खंडेराव मार्केटातला व्यापारी मला दुकानदार समजला आणि दुकानाचं नाव विचारू लागला. मी सांगितलं, वैयक्तिक वापर. माल तीन हातगाड्यांत आला. कनुभाई दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ओ बापरे. मग आत गेला. त्याला चूक उमगली असेल.

१२ जुलै

घरात उभं राहायला जागा नाही. मृदुला दंतमंजनावर बसून अभ्यास करते.

३ ऑगस्ट

तोडगा निघाला. उदयसिंहराव म्हणून आजोबांच्या ओळखीच्या घराण्यातले आहेत. त्यांची तरसालीला एक रिकामी खोली आहे. महिना दीडशे म्हणत होते. मी म्हटलं, दहा वर्षांचं भाडं एकदम घ्या आणि तीन हजार सोडा. ते माझ्याकडे पाहतच राहिले. पंधरा हजारांत ठरलं. माणसाला नुसतं बोलून तीन हजार मिळवता येतात, हे ऑफिसात रजिस्टर लिहून कळलं नसतं. १९९४ ते १९९२ खर्ची पडली.

६ ऑगस्ट

साबण आणायला तरसालीला बस बदलून जावं लागतं. येऊन-जाऊन अडीच तास. स्कूटर घेतली, सेकंडहँड, साडेसात हजार. १९९१ आणि ९७चे उरलेले महिने त्यात गेले. आता साबण अर्ध्या तासात येतो. पेट्रोल वेगळं.

२४ ऑगस्ट

चौकातल्या सलूनवाल्याशी करार केला. एकशे वीस कटिंगचे पैसे रोख, त्यात चार दाढ्या फुकट. तो माझ्या पाया पडला. गरिबाला भांडवल मिळालं.

७ सप्टेंबर

सलूनला कुलूप. बाजूचा म्हणाला, तो सुरतेला गेला, दुकान टाकायला, कोणीतरी सारा, म्हणजे भला, माणूस मळी गया, भेटला. मी किती सारा आहे हे सुरतेपर्यंत पोहोचलं तर.

१५ सप्टेंबर

तरसालीला उंदीर. साबण खातात! डाळीत किडे. चहाला अगरबत्तीचा वास, दंतमंजनाला चहाचा. उदयसिंहरावांना म्हटलं, तुमचे उंदीर. ते म्हणाले, पद्माकरराव, मालक तुम्ही, उंदीरही तुमचे. नव्या पिढीत ती जुनी अदब राहिलेली नाही.

उपाय म्हणून एक मांजर आणलं. मांजराचं दूध योजनेत धरलेलं नव्हतं. १९९० सुरू केलं.

२ ऑक्टोबर, दसरा

घराण्याचा मान म्हणून सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. लॉटरी लागल्यावर एकालाही काही दिलं नाही, म्हणून सगळे तोंड वाकडं करून फिरतात. एकदा जेवू घालून तोंडं बंद केली. आचारी लावला. साठ पानं उठली. सर्वांनी माझी चौकशी केली, म्हणजे पैसे किती उरले ते विचारलं. अहल्येच्या भावाने, लक्ष्मणने, विचारलं की हल्ली काय करता. म्हटलं, जगतो. त्याला कळलं नाही. तो एलआयसीत आहे.

श्रीखंड कमी पडलं, ऐन वेळी मागवावं लागलं. हाताला मे १९९७ लागलं. घाईत फोडलं.

पानावर बसल्यावर लक्षात आलं, की स्वतःच्या तेराव्याचं श्रीखंड मी स्वतःच खातो आहे. चांगलं होतं. केशर जास्त होतं.

१७ ऑक्टोबर, सकाळी अकरा

घात झाला. दिवाळीच्या साफसफाईत अहल्येला ट्रंकेच्या तळाशी दुसरी पत्रिका सापडली. तीही 'पद्माकर नारायण'. तीही बहुधान्य. पण हिला शक आहे, १८६०. म्हणजे १९३८. म्हणजे ही माझी.

मग पहिली?

संवत्सर साठ वर्षांनी परत येतं, हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नसतं! पहिली आजोबांची. आजोबा १९३७ साली गेले. एकोणसाठ पुरी, साठावं लागलं नाही. भास्करराव अचूक निघाले, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

संध्याकाळी

नवीन पत्रिका घेऊन नागरवाड्यात. भास्कररावांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि उडी मारून उठले. त्यांच्या पत्नी लीलाबाईंना हाक मारली, साखर आणा. चौऱ्याऐंशी, म्हणाले. निदान चौऱ्याऐंशी. पद्माकरराव, खणखणीत!

मला घाम फुटला. पस्तीस वर्षं! पाकिटं उरली आहेत अठरा. मी विचारलं, काही कमी होणार नाही का? एखादा शनी, राहू? ते म्हणाले, छे छे, काळजीच सोडा. लीलाबाईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली.

घरी येऊन अहल्येला संतापून सांगितलं. चौऱ्याऐंशी! ती खालीच बसली, तांदूळ निवडता निवडता. रडायला लागली. मला वाटलं, हिला पस्तीस वर्षांचा हिशेब झेपला नाही. तर म्हणाली, मला मे महिन्यातच लीलाबाईंनी देवळात सांगितलं होतं. म्हणूनच सोमवार धरले होते.

मग उठून तिने शिरा केला. सोमवार नव्हता, तरी आधी देवापुढे ठेवला आणि मग दोन वाट्या खाल्ल्या. पाच महिन्यांत तिला असं खाताना पाहिलं नव्हतं. मी जगणार म्हणून आज एका माणसाला आनंद झाला. मला स्वतःलाही झाला नव्हता. हे लिहितानाही कसंसंच होतंय.

शिऱ्यात तूप फार होतं. पस्तीस वर्षं असं चालायचं नाही.

२८ ऑक्टोबर

उरलेलं आयुष्य भागून पाहिलं. महिना एकोणीस रुपये. त्यात पेट्रोल.

कनुभाईने दिवाळीला साल मुबारक केलं आणि विचारलं, केम, मजामां? मी म्हटलं, मजेत. त्याच्या मागे बँकेचं कॅलेंडर होतं. मुद्दाम लावलेलं.

५ नोव्हेंबर

उपाय साधा आहे. पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने आणायचा. एका तिकिटाला एक लाख, तर कित्येक हजार तिकिटांना किती? लोक एकच तिकीट घेतात आणि नशिबाला दोष देतात. शास्त्रशुद्ध काम कोणी करत नाही. स्कूटर विकली, साडेतीन हजार आले. (त्या माणसाला क्लच दाखवला नाही.) उरलेली अठरा पाकिटं घेतली. सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन संध्याकाळी परत. बोरिवलीला केळेवाला दिसला नाही. केळी दुसऱ्याकडून घेतली. त्याने सुटे दिले, मूर्ख.

२१ नोव्हेंबर

रिझल्ट. दोन दिवस नंबर पाहत होतो. मृदुला मदतीला बसली, तिची परीक्षा आहे तरी. पन्नास रुपयांचं एक बक्षीस. दहाची तीन. वसूल करायला मुंबईला जावं लागेल. भाडं त्याहून जास्त.

२६ नोव्हेंबर

आज पाकीट नाही. एकशे वीस रिकामी पाकिटं टेबलावर. कागदोपत्री मी वारलो. भूक लागली.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

अहल्या शाळेतून आली, पाय धुतले, समोर बसली. म्हणाली, सोमवारी ऑफिसला जायचंय. मी म्हटलं, राजीनामा दिलाय, विसरलीस? तिने कपाटातल्या साड्यांखालून एक कागद काढला. माझा राजीनामा. घडी जयवंतरावांच्या खिशातली.

एक जूनला ती त्यांच्याकडेच गेली होती. त्यांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता. माझी साठलेली एकशे ऐंशी दिवसांची रजा लावली. मी न वाचता सही केली ती रजेच्या अर्जावर, आणि पगार तिने घ्यावा या पत्रावर. भिशी म्हणजे ऑफिस. घर माझ्याच पगारावर चाललं होतं. रजा आज संपली.

मी खूप बोललो. फसवणूक म्हणालो, घराण्याची अब्रू म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, दहा वर्षंच असती, तर तुम्हाला हवं तसं जगू दिलं असतं. आता पस्तीस आहेत. डबा काय देऊ?

 मेथी म्हणालो.

३० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला हजर झालो. राजासारखं जायचं ठरवलं होतं. आजोबांचा कोट घातला, तरसालीला उंदरांनी त्याची एक बाही खाल्ली आहे, पण डाव्या बाजूने दिसत नाही.

सगळे हळू आवाजात बोलत होते. केम छे हवे, तबियत? एकाने खुर्ची ओढून दिली, एकाने पंखा कमी केला. टेबलावरचे पेपरवेट नव्हते. शाईची बाटली, टाचण्यांचा डबा, पेन्सिल तासायची सुरी, काहीच नव्हतं. जयवंतरावांना विचारलं, रजेच्या अर्जात कारण काय लिहिलंय? ते म्हणाले, पद्माकरराव, आता ते कशाला. मग म्हणाले, डोक्याला विश्रांती.

रजिस्टर पाहिलं. सहा महिन्यांत एक चूक नाही. शोधत होतो.

जानेवारीत वीस वर्षं भरतील. पेन्शन बसेल. चौऱ्याऐंशीपर्यंत पुरते, म्हणे, ती संपतच नाही. असल्या गोष्टीत माणसाला नियोजनाला जागाच राहत नाही.

सकाळी निघताना अहल्येने हातात एक पाकीट दिलं होतं. माझ्याच अक्षरात: मे १९९७, तेराव्यासह. आत वीस रुपये. बस आणि चहा, शनिवारपर्यंत पुरवा, म्हणाली.

सहा दिवस. रोजचे तीन रुपये तेहतीस पैसे. जमेल. आज सगळ्यांना चहा पाजावा लागला, अकरा गेले.